तुम्ही विचारलंत म्हणून: स्नायूपेशीतून पोटॅशियम बाहेर गेलं की धमनी रुंद का होते?

फिजिऑलॉजी शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतोच, की आकुंचन तर कॅल्शियममुळे होतं, मग पोटॅशियमचं चॅनल (पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमसाठीचं दार) उघडल्यावर छोटी धमनी सैल कशी पडते?

आकुंचन कॅल्शियममुळेच होतं आणि उत्तरही तिथेच आहे. आत रक्ताचा दाब असताना छोट्या धमनीच्या स्नायूपेशीचा व्होल्टेज साधारण उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तेवढ्यावर एल-टाइप चॅनल्स, म्हणजे कॅल्शियम पेशीत आत सोडणारी दारं, अधूनमधून उघडत राहतात, म्हणून धमनी कायम थोडी आवळलेलीच असते. पोटॅशियम बाहेर पडताना धन भार घेऊन जातं, पेशी आतून आणखी निगेटिव्ह होते, कॅल्शियमची चॅनल्स मिटतात आणि स्नायू सैलावतो. सगळा खेळ व्होल्टेजचा!

आणि त्रिज्या फक्त २० टक्के वाढली तरी, दाब तोच असेल तर, प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. म्हणून एवढ्याशा चॅनलला इतकं महत्त्व.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते बीके चॅनल, म्हणजे कॅल्शियमने उघडणारं पोटॅशियमचं चॅनल. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियमची बारीकशी ठिणगी अगदी पडद्यालगत उडते, तेवढ्याने बीके उघडतं आणि पेशी सैल होते, म्हणजे आवळणारं कॅल्शियमच इथे ब्रेक लावतं (हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं).

पण “पोटॅशियमने धमनी उघडते” असं सरसकट म्हणू नका. लॅबमध्ये मेंदूतली छोटी धमनी काचेच्या दोन बारीक नळ्यांवर बांधून, आत दाब देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. बाहेरच्या द्रावात पोटॅशियम ५ वरून १० मिलीमोलवर नेलं की ती डोळ्यांदेखत फुलते, कारण केआयआर चॅनल्स (पोटॅशियमचीच आणखी एक जात) जास्त उघडतात आणि सोडियम-पोटॅशियम पंपही (आत आणतो त्यापेक्षा जास्त धन भार बाहेर टाकणारा) जोर धरतो. तेच ६० वर नेलं की गच्च आवळते, कारण पोटॅशियमचा आतबाहेरचा फरकच कमी होतो, पोटॅशियम बाहेर जायचं थांबतं आणि व्होल्टेज वर चढतो. मेंदूत काम करणाऱ्या पेशी आजूबाजूला पोटॅशियम सोडतात ते पहिल्या प्रकारचं, थोडंसं, आणि जिथे काम चाललंय तिथेच रक्त वाढतं.

औषधांतही हेच वापरलंय. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध के-एटीपी नावाचं पोटॅशियम चॅनल उघडतं, रक्तदाब उतरतो, पण शरीर लगेच हृदयाचे ठोके वाढवतं आणि पाणी धरून ठेवतं, म्हणून गोळी देताना सोबत सहसा बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध) आणि लघवी वाढवणारं औषध द्यावं लागतं.