स्पायडरमॅनचं धोतर

दुपारी गच्चीवर कपडे उलटायला गेलो आणि एकट्यालाच हसू फुटलं. वरच्या दोरीवर मुलाचा स्पायडरमॅनचा टी-शर्ट, बरोब्बर खालच्या दोरीवर अप्पांचं धोतर. वारा असा, की दोन्ही एकाच माणसाच्या अंगात असल्यागत फुगलेली.

हा माणूस खरोखर होऊन गेलाय बरं का. २००४ साली स्पायडरमॅनचा भारतीय अवतार कॉमिक्समध्ये निघाला होता, चार अंकांचा. चित्रं जीवन कांग यांची. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला पोरगा, शक्ती देणारा कोळी-बिळी नाही, एक योगी. आणि पोशाख वर नेहमीचा, खाली धोतर. नाव पवित्र प्रभाकर. मूळ स्पायडरमॅनचं, म्हणजे पीटर पार्करचं, बारसं करताना आद्याक्षरं जुळवली, ठीक. त्याच्या मैत्रिणीची, मेरी जेनची, मीरा जैन केली, हे तर झकासच. पण पवित्र? आमच्याकडे पवित्र म्हणजे श्राद्धाला बोटात घालायची दर्भाची अंगठी. आणि प्रभाकर हे आडनाव नव्हे, ते आमच्या सांगलीच्या काकांचं नाव आहे. ते जिना चढतानाही दोनदा थांबतात.

अप्पांना विचारलं, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारता येतील का. त्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "काचा कसा मारलाय त्यावर आहे."

मला धोतराचं वावडं नाही. मुंबईत कॉलेजात शिकणारा कुठला पोरगा धोतर नेसतो, एवढंच विचारायचंय. न्यूयॉर्कच्या पीटरला कुणी काऊबॉयची टोपी घालत नाही. पण परदेशचा पाहुणा यायचा म्हटलं, की त्याने आपला देश अंगावर नेसूनच यायचं, असा काहीतरी नियम दिसतो. १९५५ च्या जानेवारीच्या अंकात बॅटमॅनला भेटायला देशोदेशीचे बॅटमॅन आले होते. इंग्लंडचा चिलखत घातलेला सरदार, फ्रान्सचा तलवारबाज, इटलीचा रोमन शिपाई, अर्जेंटिनाचा गुराखी. शाळेच्या स्नेहसंमेलनातली विविधतेत एकता. आपल्या वाट्याला तेव्हा कुणी आलं नाही. आलं असतं तर पुंगी घेऊनच आलं असतं, म्हणून मी त्यांना माफ केलंय.

१९७५ मध्ये एक्स-मेनवाल्यांनी, म्हणजे अचाट शक्तीच्या वीरांच्या टोळीचं कॉमिक काढणाऱ्यांनी, मात्र जरा जीव ओतला. जुनी मंडळी एका जिवंत बेटाच्या तावडीत सापडलेली, म्हणून त्यांचा म्होरक्या प्रोफेसर नव्यांना गोळा करायला निघतो. लग्नाची आमंत्रणं करत फिरावं तसा देशोदेशी. केनियातून पाऊस पाडणारी स्टॉर्म, जर्मनीत जमावाने घेरलेला निळा नाईटक्रॉलर, सायबेरियात शेतावर बहिणीला ट्रॅक्टरखालून वाचवणारा कोलॉसस, कॅनडाचा वूल्वरीन. परदेशात खप वाढावा म्हणून ही टूम निघाली म्हणतात. आणि आणला कोण, तर सोव्हिएत शेतकरी! त्या मेळ्यात जपानचा सनफायर हा माझा आवडता. पहिली कामगिरी आटोपताच मानपानावरून रुसून तो चालता झाला. असा एक प्रत्येक घरात असतो. आमच्यात सांगलीचेच काका.

आमची फौज जमायची मिरजेत, मे महिन्यात. आतेमामेभावंडं, शेजारची पोरं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याने आणलेली इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ, म्हणजे फँटम, कोण होणार यावर रोज मारामारी. जादूगार मँड्रेकला उमेदवार कमी, कारण त्याला पळायला नसतं. चंबळचा बहादूर नेहमी नागपूरच्या आतेभावाकडे; चंबळ तिकडेच कुठेतरी असेल, असा आमचा भूगोल. एका वर्षी रेल्वे कॉलनीत गुंटकलहून बदली होऊन आलेल्या कुणाचा तरी मुलगा येऊ लागला. मराठी येत नव्हतं, मोडक्या हिंदीवर काम भागायचं. तो पहिल्याच दिवशी छातीवर हात ठेवून म्हणाला, "मैं वेताल."

आम्ही त्याच्या कमरेला पंचा गुंडाळला, कपाळाला चुलीतली राख फासली आणि सांगितलं, तू मद्रासी वीर. हत्यार काय? नारळ. तो आमच्यासारखीच खाकी हाफपँट घालायचा. लुंगी त्याने आयुष्यात नेसली नसावी. गुंटकल आंध्रात आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता. दोन आठवडे तो निमूट नारळ फेकत राहिला. म्हणजे फेकल्यासारखं करत राहिला. खरा नारळ आजीने दिला नाही.

मग एके दिवशी तो खिशातून खोडरबर काढून उभा राहिला. ब्लेडने त्यावर कवटी कोरलेली. डोळ्यांच्या खाचा, दातसुद्धा. सोबत वडिलांच्या ऑफिसातलं जांभळ्या शाईचं पॅड. आम्ही वेडेच झालो. रांग लावून, धक्काबुक्की करून एकेकाने गाल पुढे केला आणि त्याने एकेकाच्या जबड्यावर ठसा उमटवला. नीट दाबून, अजिबात न हसता. स्वतःच्या गालावर मात्र नाही. शाई चार दिवस गेली नाही. आईने उटण्याने घासून पाहिलं.

वेताळाच्या दोन अंगठ्या असतात. डाव्या हातातल्या अंगठीचा ठसा त्याच्या मित्रांना, त्यांना कुणी हात लावत नाही. कवटीची अंगठी उजव्या हातात, तिचा ठसा बदमाशांच्या जबड्यावर. हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. तरी रांगेत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या आत्ता आलं, हातात चिमटे घेऊन, गच्चीवर.

त्याचं नाव आठवून पाहिलं. आम्ही त्याला गुंटकलच म्हणायचो.

टी-शर्ट वाळला होता. धोतराचा काठ अजून दमट होता, ते तसंच ठेवून खाली आलो.