आमची वाटचाल: मुसळ, मिरची आणि 0.01

पुण्याजवळ धायरीला आमच्या मसाल्याच्या शेडमध्ये शिरलात की डाव्या हाताला जुनं कांडप यंत्र दिसेल. चार लोखंडी मुसळं, वर फिरणारा दांडा, पट्टा दोनदा बदललेला. वडिलांनी ते रविवार पेठेत असताना घेतलं. चैत्र-वैशाखात बायका उन्हात कडक केलेली मिरची पिशव्यांतून घेऊन यायच्या आणि शेवटची मूठ बाहेर येईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. आता बाकी सगळं दळण पल्वरायझरवर, म्हणजे विजेवरच्या वेगवान दळणयंत्रावर होतं. पण पल्वरायझर तापतो, आणि मिरची तापली की रंग काळवंडतो, वास निम्मा उडतो. म्हणून काकूंची मिरची अजून मुसळाखालीच जाते. नवीन मसालेवाल्यांनो, दळण सावकाश घ्या, मधे मशीन गार होऊ द्या. ऐकणार नाही तुम्ही, पण सांगून ठेवतो.

काकू म्हणजे कोथरूडच्या पोळी-भाजी केंद्रवाल्या. वर्षाला ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून दीड क्विंटल, पैसे रोख, देठ राहिला तर शिव्या.

2011 ला नवीन अन्नसुरक्षा नियम लागू झाले तेव्हा मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त भागीदार झालो. खरेदी त्याच्याकडे, दळण माझ्याकडे. उलाढाल बारा लाखांच्या वर गेली, नोंदणी जाऊन परवाना आला. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2021 चं मात्र सांगतो. एका फरसाणवाल्यांना (नाव घेत नाही, आजही मोठी पार्टी आहे) आम्ही मिरची पूड देत होतो. त्यांचा माल बाहेरदेशी जायला लागला होता, म्हणून त्यांनी आमचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. एका कीटकनाशकाचा आकडा आला 0.04 मिलिग्रॅम प्रतिकिलो. त्या औषधाला मिरचीसाठी मर्यादाच ठरलेली नव्हती. अशा वेळी तेव्हाच्या नियमाप्रमाणे सरसकट 0.01 लागायचं. 0.01 म्हणजे काय, तर दहा टनी दहा ट्रक मिरची आणि त्यात एक ग्रॅम औषध. आमच्यात चार ग्रॅम निघालं. 1,200 किलो माल, 48 पोती, एका शनिवारी परत आली. उतरवून घ्यायला मी आणि एक हमाल. भागीदार त्या दिवशी फोन उचलत नव्हता.

आता मला सांगा, हे औषध मी घातलं का? फवारलं शेतात. कुठल्या पिकावर कुठलं औषध चालेल ते ठरतं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली, कृषी खात्याकडे. ताटात किती उरलेलं चालेल ते ठरवते एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा संस्था, ती आरोग्य खात्याकडे. मधे मार्केट यार्डाचा भुसार विभाग. तिथे चार गावांची मिरची एका ढिगात पडते, आणि पोत्यावर गावाचं नावसुद्धा खात्रीचं नसतं. त्यात तीन-चार किलो ओली मिरची वाळून एक किलो होते. पाणी उडतं, औषध तेवढं उडेलच असं नाही. फवारणाऱ्याकडे कागद नाही, विकणाऱ्याकडे कागद नाही. पाकिटावर परवान्याचा चौदा आकडी नंबर माझा, म्हणून विचारणार मलाच.

द्राक्षवाल्यांचा मला हेवा वाटतो. 2003 मध्ये युरोपात त्यांच्या द्राक्षांत औषधाचे अंश सापडले, माल अडकला, बोंबाबोंब झाली. पण मग पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, 2006 ला ग्रेपनेट ही बागांच्या नोंदींची व्यवस्था आली, बागेला नंबर मिळाला. पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. माझं पोतं मांजरीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर पडलंय, आणि त्याचा माग यार्डातल्या गाळ्यापाशी संपतो.

गाळेवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "शेठ, मिरची आहे, औषधाशिवाय येते होय?" पैसे परत दिले नाहीत.

त्या महिन्यात सरकारी तपासणीही आली. कायद्याने नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन भाग अधिकाऱ्याकडे, आणि चौथा, आपण मागितला तर, आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. तेव्हाच लेखी मागा, नंतर कोणी विचारत नाही. मी मागितला. घाम इतका फुटला होता की सहीवर थेंब पडला. तो नमुना दुसऱ्या लॉटचा होता, पास झाला. पण पास झाल्याची बातमी कोणी सांगत फिरत नाही. नापासाची आठ दिवसांत यार्डभर झाली होती.

भागीदाराने हिशेब मागितला. वजनकाटा आणि पाकीट सील करायचं मशीन घेऊन गेला. खरेदी त्याची होती हे मी त्याला एकदाही म्हणालो नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय. सहा महिन्यांनी त्याची पाकिटं बाजारात आली, ठळक अक्षरांत 'कीटकनाशकमुक्त'.

तेव्हा काकू आल्या. मी सगळं सांगितलं, रिपोर्ट पुढे ठेवला. चष्मा नाकावर घेऊन बघितला, म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही रे. पुढच्या खेपेला मिरची कुठली ते विचारून आण." आणि वर्षभराचे पैसे आगाऊ ठेवून गेल्या. त्या पैशातून मी संकेश्वर भागातल्या काही शेतकऱ्यांकडून थेट घ्यायला लागलो. फवारणीची वही बघतो, लॉट दळायच्या आधी प्रत्येक पोत्यातून मूठ-मूठ काढून एक नमुना करतो. एकाच पोत्यातून काढलात तर पैसे पाण्यात.

2024 ला हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले रोखल्याचं प्रकरण गाजलं. त्याच वेळी मसाल्यांसाठी 0.01 ची मर्यादा 0.1 झाल्याचं कळलं, तर लोक फोन करून म्हणाले, "मग तुझा 0.04 आता पास की!" नाही हो. ती सूट भारतात नोंदणीच नसलेल्या औषधांपुरती. माझ्या मिरचीतलं औषध नोंदणीतलं, फक्त ती नोंदणी मिरचीसाठी नव्हती. दोन तास समजावत बसलो.

मागच्या दिवाळीत भागीदाराचं एक पाकीट विकत घेतलं आणि माझ्या पैशाने प्रयोगशाळेत पाठवलं. बायकोला सांगितलं नाही. आठवड्याने रिपोर्ट आला, दोन पानं. एकाही रकान्यात औषधाचा आकडा नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मिरची कुठून घेतो ते विचारायला दोनदा फोन हातात घेतला.