तीन की आठ

काम जानेवारीत झालं, हिशेब फेब्रुवारीत मिटला, तरी ते विमान डोक्यातून उतरत नाही. रात्री झोपताना तोच एक आकडा समोर येतो. म्हणून लिहून काढतोय.

मी रेल्वेत पेंटर होतो, भुसावळ यार्डात, सिक लाइनीवर. लोकांना वाटतं रेल्वेचा पेंटर म्हणजे डबे रंगवणारा. सिक लाइनीवरच्या पेंटरचं खरं काम अक्षरं आणि आकडे. मालगाडीतली आजारी वाघीण, म्हणजे बिघडलेला मालडबा, गाडीपासून सोडवून आणतात, फिटर-वेल्डर तिचं काम करतात, पत्रा बदलला की त्यावरचा नंबर गेलेला असतो. तो जसाच्या तसा परत लिहायचा. वाघिणीला अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल. मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि अकरावा पडताळणीचा. हा अकरावा मनानं लिहिता येत नाही. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा अशा सम जागांच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, तीत विषम जागांचे पाच आकडे मिळवायचे, आणि पुढच्या दहाच्या पाढ्याला जेवढे कमी पडतील तो अकरावा. ३१०६८९८७६५ घ्या. सम जागांची बेरीज २८, तिप्पट ८४, विषम जागांचे २५, एकूण १०९. एकशे दहाला एक कमी, म्हणून शेवटी १. ब्रश घसरून सहाचा आठ झाला तर बेरीज बसत नाही आणि कॉम्प्युटर ती वाघीण घेतच नाही.

उस्तादांनी मला पहिल्या आठवड्यात एकच नियम शिकवला होता. जुना नंबर वहीत उतरवल्याशिवाय पत्र्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. तीस-बत्तीस वर्षांत तो मी एकदाही मोडला नाही. मोडला तो या जानेवारीत.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून बाहेरची कामं घेतो. पाचोरा-जामनेर छोट्या लाइनीच्या डब्यावरची माझी अक्षरं एका ठेकेदारानं पाहिली होती. त्याचा फोन आला. सातपुड्याच्या अंगाच्या एका तालुक्याच्या गावी, एका संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर लढाऊ विमान आहे, मिग-२१. रंग उडालाय, सव्वीस जानेवारीला मोठे पाहुणे येणार, चार दिवसांत नवं करून द्या. गावाचं आणि संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला विमान महत्त्वाचं आहे.

तिथे जाऊन पाहिलं आणि वाईट वाटलं. मागच्या धुराड्यात पारव्यांची घरटी, त्याच्या कडेला पिंपळाचं रोप. पंखांवर पोरांनी खिळ्यानं नावं कोरलेली. आधीच्या कोणा पेंटरनं हवाई दलाचा गोल ठसा उलटा रंगवलेला, हिरवा बाहेर आणि केशरी मध्ये. बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा, एवढं बघायलाही कोणाला वेळ नव्हता. ठेकेदारानं आणून ठेवलेला प्रायमर रेड ऑक्साइड. तो लोखंडाचा प्रायमर. ॲल्युमिनियमवर तो धरत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो. ॲल्युमिनियमला आधी पत्र्याला चावून बसणारा एच (etch) प्रायमर मारावा लागतो, हे सांगण्यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी मी स्वतःच्या पैशानं जळगावहून आणवला.

त्या घाईत चूक झाली. पहिल्या दिवशी दुपारी मी आणि माझ्यासोबतचा पोरगा, आम्ही उजवी बाजू मशीननं घासायला घेतली. संध्याकाळपर्यंत नाकापासून शेपटीपर्यंत चकचकीत पत्रा. मला वाटलं, शोभेची वस्तू आहे, ठेकेदारानं नंबर कागदावर दिलाय, मग वही कशाला? नंबर तिथेच होता. चार-पाच थरांखाली, शेपटीच्या अलीकडे. मी तो माझ्या हातानं भुकटी करून वाऱ्यावर सोडला.

दुसऱ्या दिवशी बाजाराचा रविवार. सकाळी नऊ-साडेनऊला परांचीखाली एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, हातात वांग्यांची पिशवी. बराच वेळ नुसता बघत होता. मग पंखाखाली गेला, वाकला, आणि मला हाक मारली.

"भाऊ, हाई कोणतं इमान शे, माहीत शे का तुम्हले?"

मी ठेकेदाराचा कागद दाखवला. फलकावर लिहायचा मजकूर त्यावर होता. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणारं हेच ते विमान, असा. म्हाताऱ्यानं, म्हणजे नानांनी, कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

"पंखखाले देखा. चार शेतस. एकाहत्तरमा दोनच व्हतात."

नाना ओझरला होते. मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आहे हे मला माहीत होतं, पण आपल्या खानदेशातली इतकी माणसं तिथे आयुष्य काढून आलीत हे मला त्या दिवशी कळलं. ते स्ट्रक्चर फिटर होते, रिव्हेटवाले. त्यांनी मला विमानाभोवती फिरवून जे दाखवलं ते असं. १९७१ ला आपल्याकडे लढलं ते एफएल नावाचं मिग-२१. ओझरची पहिली विमानं त्याच जातीची, १९६६ पासूनची. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली शस्त्र लटकवायची जागा एक. त्याला अंगची तोफ नाही. तोफ हवी असेल तर पोटाखाली वेगळी पेटी टांगावी लागे. पाठीचा कणा सडपातळ. आमच्या समोरच्या विमानाला प्रत्येक पंखाखाली दोन जागा, पोटात २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेची खोबण, आणि कॉकपिटच्या मागे पाठ चांगली फुगलेली. म्हणजे हे बिस, मिग-२१ ची नंतरची जात. बिस भारतात आलं १९७६-७७ मध्ये, आणि ओझरला ते १९८० च्या दशकात बांधलं गेलं. इंजिन ओडिशातल्या कोरापुटचं, इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादचं, सांगाडा ओझरचा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यावर मिग-२१ गेली होती, हे अगदी खरं. हे विमान तेव्हा जन्मलंच नव्हतं.

मला घाम फुटला. कागदावरचा नंबर इंटरनेटवरून उचललेला, कुठल्या तरी एफएलचा. आणि याचा खरा नंबर मी आदल्या दिवशी घासून टाकला होता.

डावी बाजू अजून तशीच होती. तिथून पुढे दिवसभर मी जे केलं ते मला चांगलं येतं. रंगाखालचा जुना आकडा डोळ्यांनी दिसत नाही, पण मरतही नाही. आकड्याच्या रंगाला जाडी असते, वरून कितीही हात मारले तरी त्याची कड वर उठून राहते. आम्ही गोणपाट बांधून अंधार केला. पोरग्यानं बॅटरी पत्र्याला अगदी लावून तिरकी धरली. मी वॉटर पेपर पाण्यात भिजवून तळहातानं फिरवत होतो, बोटांनी नाही, कारण बोटांनी खड्डे पडतात. एक-एक थर पातळ होत गेला आणि कडा दिसायला लागल्या. आधी 'सी', मिगच्या नंबरात असतो तो. मग आकडे. त्यावर बटर पेपर लावून मी पेन्सिलीनं कडा उतरवत गेलो. स्टेन्सिलचे इंग्रजी आकडे होते, जोड सुटू नयेत म्हणून मध्ये ठेवलेल्या पट्ट्यांच्या फटीसुद्धा उतरल्या. शेवटच्या आकड्याला अडलं. उजवीकडचे दोन्ही पोट स्वच्छ. डावीकडे मात्र कोणीतरी पूर्वी एवढं खरवडलं होतं की खाली नुसता पत्रा. तीन असेल तर डावी बाजू उघडी, आठ असेल तर बंद. ती बाजूच नाही.

नाना म्हणाले, आतून बघू. विमानाची झाकणं त्या त्या विमानाला बसवून घेतलेली असतात, एकाचं दुसऱ्याला नीट बसत नाही, म्हणून आत विमानाचे शेवटचे आकडे टाकून ठेवायचे. मला लगेच पटलं. वाफेच्या इंजिनाचे दांडे असेच असत. उस्ताद सांगायचे, नंबर बघायचा तर बाहेरच्या पाटीवर विश्वास ठेवू नको, दांड्यावर ठोकलेला आकडा बघ. एका इंजिनाच्या दांड्यांवर दोन इंजिनांचे आकडे त्यांनी स्वतः पाहिले होते.

स्क्रू गंजलेले. पोटाखालचं एक झाकण तासाभरानं सुटलं. आत पिवळट हिरवा प्रायमर, जणू काल मारलेला, आणि त्यावर आकडे. शेवटी तीन. मी पोराला टाळी दिली. मग पाठीवरचं झाकण काढलं. आकडे तेच, शेवटी आठ.

एक झाकण दुसऱ्या विमानाचं होतं. उडत्या विमानाला सुटा भाग मिळाला नाही की उभ्या विमानाचा काढून लावतात, हे नानांनी सांगितलं. कोणतं झाकण परकं, हे कसं ठरवणार?

पण त्या पाठीवरच्या झाकणाच्या आत आणखी काहीतरी होतं. कोपऱ्यात, मेणाच्या पेन्सिलीनं, घाईत लिहिलेलं एक अक्षर. 'डा'. डावं. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी बोट त्या अक्षरावर ठेवलं नाही, जरा वर धरलं. हे अक्षर त्यांचं नव्हतं. पण त्यांच्या लाइनीत असं लिहायची पद्धत होती म्हणे. मी मनात म्हटलं, हवाई दलाच्या कुठल्याही तळावरचा मराठी माणूसही असं लिहू शकतो. बोललो नाही. अजूनही त्या बाबतीत मी नानांच्या बाजूनंच आहे.

संध्याकाळी संस्थेचे दादा आले, सोबत ठेकेदार. मी सगळं दाखवलं, पंख, तोफेची खोबण, झाकणं, बटर पेपर. दादांनी नीट ऐकलं, हे कबूल करतो. मग म्हणाले, "पेंटरबाबा, एकाहत्तर म्हटलं की पोरांची छाती फुगते. ऐंशी सालचं विमान म्हणून काय सांगायचं त्यांना?"

नाना तोवर गप्प होते. ते एवढंच म्हणाले, "ओझरनं शे हाई. आमनं शे."

दादांना ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. इथून दोन-अडीचशे किलोमीटरवर, तालुक्या-तालुक्यातून गेलेल्या माणसांनी बांधलेलं विमान तालुक्याच्या गावात उभं आहे, हे त्या पोरांना सांगण्यासारखं नाही? मी तसं म्हटलंही. ठेकेदार मध्ये पडला, नंबर लिहा आणि मोकळे व्हा. चार हजार नंबराचे आणि फलकाचे वेगळे धरले होते.

मी रंग पूर्ण केला. ठसे सरळ केले, केशरी बाहेर. पिंपळ मुळासकट काढला. नंबराची जागा दोन्ही बाजूंनी कोरी सोडली. कागदावरचा लिहिणार नव्हतो, आणि खरा मला पूर्ण माहीत नव्हता. नाना म्हणत होते, आठ लिहून टाका, भाऊ. 'डा' असलेलं झाकण आठाचं होतं, म्हणून. मला त्या कडांवरून तीन वाटतो, खालच्या पोटाचा बाक तीनाचा आहे. आठाचा बाक डावीकडे परत वळायच्या तयारीत असतो, हे आयुष्यभर आकडे लिहिलेला माणूस ओळखतो. पण तेवढ्यावर मी वाघिणीवर नंबर घातला नसता, विमानावर कसा घालू?

पंचवीसच्या रात्री ठेकेदारानं रेडियमवाल्याला बोलावलं. सव्वीसला सकाळी झेंड्याच्या वेळी विमानावर एफएलचा नंबर होता, काळ्या रेडियमचा, आणि खाली ढाक्याचा फलक. मी गर्दीत मागे उभा होतो. भाषण चांगलं झालं. पोरं विमानाकडे बघत होती.

हिशेबात चार हजार कापले, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. दादांना आधीच भेटायला हवं होतं, ठेकेदारामार्फत नाही, असं आता वाटतं. उजवी बाजू घासायच्या आधी पाच मिनिटं थांबायला हवं होतं, हे तर रोजच वाटतं. एप्रिलमध्ये सावद्याला जाताना वाट वाकडी करून गेलो. ऊन त्रेचाळीसच्या वर. रेडियमचा एक कोपरा सुटून वर आला होता. खालचा रंग मात्र जागचा हललेला नाही.

बटर पेपरची गुंडाळी माझ्या घरी माळ्यावर पाइपात आहे. ज्या कोणाला विमानांचे फोटो काढायचा नाद आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं. सातपुड्याच्या बाजूच्या त्या आवारातलं विमान ज्यांनी पाहिलंय त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळलं असेल. विमान चौथऱ्यावर चढलं त्या वर्षीचा, रंग जुना असतानाचा, उजव्या बाजूनं काढलेला एखादा फोटो कोणाच्या घरी असेल. लग्नाचा असो, सहलीचा असो, मागे शेपटीचा तुकडा दिसला तरी पुरे. मला फक्त शेवटचा आकडा हवा आहे.

नाना दर रविवारी बाजाराला आले की फोन करतात. आधी तब्येतीचं विचारतात, मग केळीचा भाव सांगतात, मग विचारतात, "सापडना का, भाऊ?"