हरणासाठी बंदूक कोणती? काउंटरवरचा एक शनिवार

मिशिगन राज्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम दरवर्षी 15 नोव्हेंबरलाच उघडतो, वार कुठलाही असो. त्याआधीच्या शनिवारी लान्सिंगजवळच्या आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी तिथे बंदुकांच्या काउंटरवर काम करते. 2022 मधल्या अशाच एका शनिवारी एक गृहस्थ आपली रायफल घेऊन आले. बरोबर चौदा वर्षांची मुलगी होती, अंगाने बारीक. त्यांना .300 विंचेस्टर मॅग्नमची, त्यातल्या त्यात कमी धक्क्याची काडतुसं हवी होती.

"हिला धक्का सोसत नाही. डोळे मिटून चाप ओढते. घाबरट आहे," ते म्हणाले. मुलगी काही बोलली नाही. जॅकेटची चेन उघडी होती आणि उजवा खांदा ती सारखी चोळत होती.

कुणी काडतूस मागितलं की मी आधी तीन गोष्टी विचारते: शिकार कुठे, किती अंतरावरून आणि बार कोण टाकणार. काडतुसाचं नाव त्यानंतर. पहिल्याच उत्तरात घोळ निघाला. हे गृहस्थ आजवर वर उत्तरेत, अप्पर पेनिन्सुलामध्ये शिकार करत आले होते. यंदा मुलीला घेऊन मेहुण्याच्या शेतावर जाणार होते आणि ते शेत होतं मेसनजवळ, म्हणजे लान्सिंगच्याही दक्षिणेला.

दक्षिण मिशिगन सपाट आहे आणि वस्तीही दाट. बाटलीसारखा गळा असलेल्या काडतुसाची वेगवान गोळी चुकली तर फार लांब जाते. म्हणून तिथे तेव्हा, 2022 मध्ये, हंगामात अशा रायफली चालत नव्हत्या. शॉटगन चालायची, ठासणीची बंदूक चालायची आणि 2014 पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे गळा नसलेल्या काडतुसाची रायफल चालायची. त्यातही गोळीचा व्यास किमान .35 इंच आणि काडतुसाच्या पितळी नळकांड्याची लांबी 1.16 ते 1.80 इंच असावी लागायची. त्यांची .300 मॅग्नम या नियमात कुठेच बसत नव्हती. काडतूस कितीही हलकं घेतलं तरी तिथे ती नेणं बेकायदाच होतं.

ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "बरं झालं विचारलंत. पण हिला तर कुठलीच बंदूक झेपणार नाही."

हे मात्र मला पटेना. आमच्या दुकानामागे रेंज आहे. मी त्यांना म्हटलं, आधी तुम्हीच तुमच्या रायफलीने दोन-चार बार टाका, बंदूक मी भरून देते. मी पाठ वळवून काडतुसं भरली आणि त्यांत एक नकली घातलं, दारू नसलेलं. ही नेमबाजीच्या शिकवणीतली जुनी युक्ती आहे. पहिले दोन बार खरे झाले. तिसऱ्याला चाप ओढला तेव्हा नुसतं 'टक्' वाजलं. आवाज नाही, धक्का नाही, तरीही नळी चांगली तीन-चार बोटं खाली गेली. धक्का येणार म्हणून त्यांचं अंग आधीच आवळलं होतं आणि खांदा पुढे आला होता. इतकी वर्षं शिकार केलेला तो माणूस रायफल तशीच धरून नळीकडे बघत राहिला. मुलगीही बघत होती.

"म्हणजे मीही?" त्यांनी विचारलं.

"कुणीही," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. साधारण आठ पौंडांच्या रायफलीत .300 मॅग्नमचा धक्का पंचवीस फूट-पौंडांच्या पुढे जातो. हे काडतूस 1963 सालचं, लांब पल्ल्यासाठी आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरांसाठी उत्तम. पण शेताच्या बांधावर शंभर यार्डांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला त्याची गरज काय? त्या हरणाची छाती, म्हणजे पुढच्या पायाच्या मागची काळीज-फुप्फुसाची जागा, जेमतेम आठ-दहा इंचांची. साधी .243 सारख्या लहान काडतुसाची गोळी तिथे बसली तर हरीण थोडं धावून पडतं. मॅग्नमची गोळी पोटात बसली तर ते तासन् तास तडफडतं आणि कुठल्या तरी झाडोऱ्यात शिरून मरतं. बऱ्याचदा सापडतही नाही. काउंटरवर रोज 'जास्त ताकदीची द्या' म्हणणारी माणसं येतात आणि दर वेळी मला ते न सापडलेलं हरीण आठवतं. जनावर मारायचं ठरवलंच असेल तर त्याला हाल न होता मरण देणं ही बार टाकणाऱ्याची जबाबदारी आहे. ज्या बंदुकीने नेम लागत नाही तिची ताकद काय कामाची?

आता मुलीची पाळी होती. तिला मी रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगितली. दस्ता तिला लांब पडत होता, चापापर्यंत बोट पुरत नव्हतं. पण माझं लक्ष तिच्या मानेकडे गेलं. दस्ता उजव्या खांद्याला आणि डोकं मात्र वाकडं करून डावा डोळा दुर्बिणीसमोर आणायची तिची धडपड चालली होती. मी तिला दोन्ही हातांच्या पंजांनी छोटीशी खिडकी करून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं. मग एकेक डोळा मिटायला सांगितला. डावा मिटला की घड्याळ नाहीसं व्हायचं. हात उजवा, पण नेम धरणारा डोळा डावा! "हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिचं त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य.

मी .350 लेजंडची, मधून मोडून एकेक काडतूस भरायची एकबारी बंदूक काढली. हे काडतूस 2019 मध्ये आलं. त्याचं नळकांडं 1.71 इंचांचं, म्हणजे दक्षिणेच्या नियमात बसणारं. 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला सुमारे 2300 फुटांनी सुटते आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणाला पुरून उरते. धक्का मॅग्नमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. .450 बुशमास्टर हे काडतूसही कायद्यात बसत होतं, पण त्याचा धक्का पुन्हा तिला पळवून लावणारा. एकबारीला बाजूला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलायचा दांडा, नसतो; घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा भाग, मधोमध असतो, त्यामुळे डाव्या खांद्यावरून चालवायला अडचण नाही. दस्ताही आखूड होता. माझे आजोबा कुडाळकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगून होते. रानडुकरं आली की एकच बार हाताशी, म्हणून नीट दिसेपर्यंत ते चाप ओढत नसत. नवख्या माणसाच्या हातात मी एकबारी आनंदाने देते ती त्यामुळेच.

पन्नास यार्डांवर तिने डाव्या खांद्यावरून बार टाकले. पहिला कडेला गेला, पुढचे मध्याजवळ. मध्येच मी तिलाही नकली काडतूस दिलं. टक्. नळी जागची हलली नाही! मला इतका आनंद झाला की मी रेंजवरच टाळ्या वाजवल्या.

मुलगी लहान असल्याने बंदूक खरेदीचा फॉर्म वडिलांनी भरला आणि पडताळणी झाली. काडतुसं मी एकाच लॉटची दिली, कारण गोळी बदलली की नेमही थोडा सरकतो. टेबलावर टेकून नेम लावून झाला की जमिनीवर बसून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून सराव कर, असं तिला बजावलं. शेतात टेबल नसतं.

निघताना वडील परत वळले. "आणि उत्तरेत, माझ्यासाठी?"

"सात एमएम झिरो-एट," मी म्हटलं. ".308 या काडतुसाच्याच नळकांड्याचा गळा आवळून केलेलं काडतूस आहे, 140 ग्रेनची गोळी, धक्का तुमच्या मॅग्नमच्या निम्म्याच्या आसपास. पण आधी नकली काडतुसं घेऊन जा, आणि ती भरायला मुलीला सांगा."

त्यांनी दोन घेतली.