'जाडा' गेला, 'अवाढव्य' आला: ब्रिटनमधून सोलापूरला पुस्तकं पाठवताना

ब्रिटनमधून सोलापूरला निघालेल्या बॅगेत चॉकलेटच्या खालोखाल जागा असते ती मुलांच्या इंग्रजी पुस्तकांना. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये ती एक-दोन पौंडांत मिळतात, वजनाला हलकी असतात आणि आजी-आजोबा खूश होतात. पण हल्ली नवी पेठेतल्या घरात पुस्तक उघडलं की प्रश्न येतो: "आम्ही वाचलेलं तेच ना हे?" खरं उत्तर "जवळजवळ तेच" असं असतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या वर्तमानपत्रांनी बातमी फोडली की दिवंगत ब्रिटिश लेखक रोआल्ड डालच्या मुलांच्या पुस्तकांत पफिन प्रकाशनाने शेकडो ठिकाणी शब्द बदलले आहेत. चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीतला खादाड ऑगस्टस ग्लूप आता 'फॅट' (जाडा) नाही, 'इनॉर्मस' (अवाढव्य) आहे. चेटकिणींच्या गोष्टीत सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी बाई मोठी शास्त्रज्ञ झाली. आरडाओरडा झाल्यावर आठवडाभरातच प्रकाशकाने जाहीर केलं की १७ पुस्तकं जुन्या मजकुरासह 'क्लासिक कलेक्शन' म्हणूनही मिळतील. त्यामुळे एकाच नावाची, वेगळ्या मजकुराची दोन पुस्तकं आता बाजारात आहेत, आणि जुन्या प्रती धरल्या तर आणखी गोंधळ.

कोणती प्रत हातात आहे हे ओळखायला मुखपृष्ठ पुरत नाही. शीर्षकपानाची मागची बाजू बघायची, जिथे बारीक टायपात कॉपीराइट असतो. तिथे 'प्रथम प्रकाशन १९८८' लिहिलंय म्हणजे मजकूरही १९८८ चा, असं समजू नका. सगळे इथेच फसतात. मजकूर बदलला तरी पहिल्या प्रकाशनाचं वर्ष तेच राहतं. त्याच पानावर आकड्यांची ओळ असते: १० ९ ८ ७ अशी उतरती, किंवा नुसतं ००१. ओळीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. त्यावरून प्रत किती नवी याचा अंदाज येतो, मजकुराचा नाही. डालच्या नव्या प्रतींत मात्र याच पानावर एक छोटी सूचना सापडते: पुस्तक फार वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, भाषेचा वेळोवेळी आढावा घेतला जातो, अशा अर्थाची. ती दिसली की समजायचं, मजकूर सुधारलेला आहे.

याहून पक्की खूण पुस्तकाच्या आत असते. डालच्या 'मटिल्डा'चं पहिलं प्रकरण संपताना त्यातली चिमुरडी नायिका पुस्तकांतून कुठे कुठे फिरली ते सांगितलंय. जुन्या प्रतीत ती जोसेफ कॉनराडबरोबर शिडाच्या जहाजावर जाते आणि रडयार्ड किपलिंगबरोबर हिंदुस्थानात. नव्या प्रतीत जेन ऑस्टिन आणि जॉन स्टाइनबेक आहेत, म्हणजे ती हिंदुस्थानऐवजी कॅलिफोर्नियाला पोचते. साम्राज्यवादी लेखक नको म्हणून किपलिंगला काढलं असेल, तर त्याच्याबरोबर आपल्या देशाचंही तिकीट कापलं गेलं. सोलापुरातल्या वाचकाला यात नक्की काय मिळालं, ते कुणी सांगावं.

ई-पुस्तकाचं दुखणं वेगळं. विकत घेतलेल्या प्रतीतही मजकूर आपोआप बदलू शकतो, आणि डालच्या बाबतीत तसं झाल्याच्या तक्रारी इथे आल्या. किंडलच्या खात्यात पुस्तकांच्या स्वयंचलित अपडेटचं बटण असतं, ते बंद ठेवा.

बदलाला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. डालनेच आपलं चॉकलेट कारखान्याचं पुस्तक बदललं होतं. १९६४ च्या आवृत्तीत कारखान्यातले कामगार, ऊम्पा-लूम्पा, हे आफ्रिकेतून आणलेले काळे पिग्मी होते. गुलामगिरीची आठवण देणारं हे चित्र आहे अशी टीका झाली आणि १९७३ च्या आवृत्तीत त्याने त्यांना गोरं, सोनेरी-तपकिरी केसांचं केलं. इंग्रज बाललेखिका एनिड ब्लायटनच्या 'नॉडी' या बालकथांमधल्या, काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या बाहुल्यांच्या जागी पुढे गॉब्लिन आले, ते बरंच झालं. पण तिच्याच 'फेमस फाइव्ह'ची भाषा २०१० मध्ये 'आजची' केली, 'मदर-फादर'चं 'मम-डॅड' केलं, तो प्रयोग फसला. २०१६ मध्ये प्रकाशकाने जुना मजकूर परत आणला. मुलांना जुनेपणाची अडचण नव्हतीच.

अडचण बहुतेक वेळा शब्दात नसते, गोष्टीच्या रचनेत असते. 'फॅट' काढा, 'इनॉर्मस' घाला. खादाड मुलगा चॉकलेटच्या नदीत पडतो तो पडतोच, आणि वाचक हसतो तो हसतोच. शब्द धुतला, टोमणा तसाच राहिला. आणि चेटकिणींच्या टकलावर विग असतो तिथे, 'विग घालण्याची इतरही कारणं असतात, त्यात गैर काही नाही' असं वाक्य घातलं की ते गोष्टीत खडा लागल्यासारखं लागतं.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. खांद्यावर बोकड घेऊन निघालेला भटजी आणि तीन ठग. एकामागून एक भेटणारा ठग विचारतो, "भटजीबुवा, कुत्रं कुठं निघालं?" भटजी बोकड टाकून पळतो. जात नको म्हणून भटजीचा शेतकरी केला की गोष्ट कोसळते, कारण कुत्र्याच्या स्पर्शाने विटाळ होतो ही भीतीच त्या फसवणुकीची कळ आहे. शेतकरी म्हणेल, कुत्रं तर कुत्रं, आणि चालू लागेल.

'श्यामची आई'चं तर याहून नाजूक आहे. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर म्हणते. आजच्या मुलाला आंघोळ खटकते आणि खटकायलाच हवी. पण ती गाळली तर आईने त्या गावात, त्या काळात केवढं पाऊल टाकलं आणि किती टाकायचं राहिलं, दोन्ही दिसेनासं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. घेताना 'संक्षिप्त' हा शब्द आहे का बघाच, आणि अनुक्रमणिकेतल्या 'रात्री' (या पुस्तकातली प्रकरणं) मोजून घरातल्या जुन्या प्रतीशी ताडा.

मराठी पुस्तकं गुपचूप बदलण्याची सवय तशी जुनीच आहे म्हणा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर 'नाहीं', 'कां', 'करणें' यांवरचे अनुस्वार गेले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. उच्चार तोच राहिला, म्हणून ते खपलं. जातीचं नाव किंवा रंगाचा टोमणा काढणं हे त्या प्रकारचं काम नव्हे, तिथे प्रस्तावनेत काय बदललं आणि कुणी, ते छापायलाच हवं.

वाचून दाखवताना मात्र मोकळीक आहे. सोलापुरात एकाच वाड्यात गोष्ट तेलुगूत सुरू होते, कन्नडमधून वळते आणि मराठीत संपते. तोंडी गोष्टीला ठरलेले शब्द कधी नव्हतेच. पाच-सहा वर्षांच्या पोराला सांगताना आजीने 'काळी म्हणून कुरूप' खुशाल गाळावं. आठ-नऊच्या पुढे छापलेलं तसंच वाचावं आणि तिथे थांबून विचारावं, "हे तुला बरोबर वाटतं का रे?"

२०२९ उजाडलं की ब्लायटनची पुस्तकं भारतात हक्कमुक्त होतील; ब्रिटनमध्ये त्यासाठी २०३९ उजाडावं लागेल. स्वस्त भारतीय प्रती तेव्हा ढिगाने येतील. चित्रांचा आणि मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तो संपलेला नसू शकतो, त्यामुळे चित्रं वेगळी दिसली तर नवल नको. तोवर पुस्तक सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयाला भेट देणार असाल, तर आतल्या पानावर पेन्सिलीने छपाईचं वर्ष आणि 'मूळ मजकूर' की 'बदललेला' एवढं लिहून द्या.