बेताची

दुपारी वीज गेली. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात पोटात गेला होता, एरवी पंख्याखाली घोरत पडलो असतो. पण पंखाच नाही म्हटल्यावर पडवीत येऊन आरामखुर्चीत टेकलो. तेवढ्यात भाच्याचा निरोप आला. भाचा बोटीवर इंजिनीअर आहे, सध्या रॉटरडॅमला. ‘मामा, पंधरा दिवसांत येतोय. सिगार कसल्या आणू? भारीतल्या की रोजच्या?’

झालं. त्या ‘रोजच्या’ने झोप उडवली.

म्हणजे मी रोज ओढणारा माणूस आहे असं त्याने धरूनच टाकलं होतं. रोज कुठे? आठवड्यातून तीन, फार तर चार. बायकोच्या हिशेबात सहा होतात, पण ती अर्ध्यासुद्धा पूर्ण मोजते. आणि दुसरं म्हणजे, रोजचं ते कोणी निवडून आणतं का? आमच्याकडे रोजचा तांदूळ वेगळा, पाहुण्यांचा वेगळा. कपांचंही तेच. रोजच्या कपांपैकी एकाचा कान उडालाय आणि मला चहा त्यातच लागतो. तो काही मी मालवणच्या बाजारात जाऊन ‘कान उडणारा द्या’ म्हणून आणलेला नाही. राहिला, एवढंच.

या नादाला लावलं ते भाच्यानेच. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. पण परदेशातून येणाऱ्याला २५ सिगारांपर्यंत जकात लागत नाही, हे कळल्यापासून ती सवलत वाया जाऊ देणं त्याच्या जिवावर येतं. आईवर गेलाय. पहिल्या खेपेला त्याने लाकडी पेटीतून आणल्या, एकेकीच्या कमरेला सोनेरी पट्टा. त्या ओढताना मी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बसायचो. ओढताना सारखा विचार, की आत्ता ही किती रुपयांची राख झाली. अशाने मजा येत नाही. तेव्हापासून माझा नियम झाला: सिगारची किंमत बांगड्याच्या वाट्यावर जाता कामा नये. बांगडा महागला तर आपणही थोडं वर सरकायचं. हा नियम मी भाच्याला समजावून सांगितला, तर म्हणतो, ‘मामा, रॉटरडॅमच्या दुकानात हे कसं विचारू?’

स्वस्तात बऱ्या मिळतात त्या पट्टा नसलेल्या, पंचवीस-पंचवीसच्या मोळ्या बांधलेल्या. त्यांत पुष्कळदा वरच्या पानाच्या रंगात खोट निघाली म्हणून पेटीतून बाद केलेल्या असतात. आतला माल तोच. हे वाचलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. देवगडात दुसरं काय चालतं? पेटीतला हापूस मुंबईला जातो आणि डागी घरात राहतो. माझ्या मावसभावाची साडेतीनशे कलमं आहेत. पहिल्या प्रतीचा आंबा त्याने शेवटचा कधी खाल्ला, हे त्याला आठवत नाही.

राहिला प्रश्न कडकपणाचा. मला मधली लागते. फिकी ओढली की वाफ घेतल्यासारखं वाटतं. आणि कडक ओढून एकदा खळ्यातल्या तुळशीवृंदावनाला धरून उभा राहिलो होतो, समोरचा माड हलत होता की मी, ते कळेना. बायको म्हणाली, ‘निदान प्रदक्षिणा तरी घाला.’ आधी मला वाटायचं, रंगाने काळी ती कडक. तसं नाही. काळं पान जास्त मुरवलेलं असतं, पुष्कळदा चवीला गोडसरच लागतं. कडकपणा असतो पोटात. रोपाच्या शेंड्याची पानं ऊन खाऊन खाऊन जाड होतात, ती जहाल. क्यूबावाले त्यांना लिहेरो म्हणतात. मधली सेको, ती वासाची. बुंध्याची वोलादो, ती नीट जळण्यापुरती. मध्यम सिगार म्हणजे यांची मोट बांधणाऱ्याने शेंड्याचा हात जरा आखडता घेतलेला.

हे सगळं मला पन्नाशीनंतर कळलं. आजोला ते न वाचता ठाऊक होतं.

आठवड्याच्या बाजारात घाटावरचा एक तंबाखूवाला यायचा, निपाणीचा माल घेऊन. गोणपाटावर तीन ढीग. आजो मला घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसायचा तो अर्धा-पाऊण तास. बाजारातली बाकीची कामं, म्हणजे मीठ, मिरच्या, आजीची मशेरी, पाच मिनिटांत उरकायची. तंबाखूला मात्र वेळ. चिमूट घ्यायची, तळव्यावर अंगठ्याने चुरायची, नाकाशी न्यायची, उन्हात धरायची. ‘शेंड्याची किती घातलंस?’ हा प्रश्न ठरलेला. तंबाखूवाला ठरलेलं हसायचा. ‘घ्या की मालक, एक नंबर हाय.’ मग आजो तिथेच एक विडी वळायचा आणि ओढता ओढता त्याला एखादी गोष्ट सांगायचा: पाणी भरलेल्या होडीची, नाहीतर जमिनीच्या दाव्याची. गोष्ट मध्ये न ठसकता शेवटाला गेली तर तंबाखू पास. ‘माका ठसको लागाक नको आणि झोपय येवक नको,’ तो म्हणायचा. ‘बेताची दी.’

बेताची. भाच्याला हवा तो शब्द हाच. गंमत अशी, की आमच्या घराबद्दल बोलतानाही लोक हाच शब्द वापरायचे. ‘परिस्थिती बेताची आहे हो त्यांची,’ असं एक मास्तर दुसऱ्याला सांगताना मी फीमाफीच्या रांगेत ऐकलं होतं. तेव्हा राग आला होता. तंबाखू बेताची चांगली, मग परिस्थिती बेताची वाईट कशी, असा काहीतरी विचार करत घरी आलो. तो विचार पुढे कुठेच गेला नाही, अजूनही जात नाही.

चिरूट हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो रत्नागिरीला, शाळेच्या सहलीत. थिबा राजाचा वाडा दाखवायला नेलं होतं. ब्रह्मदेशचा राजा, राज्य गेलं, १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला, वाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं आणि सहा वर्षांनी बिचारा इथेच गेला. गुरुजी हे सगळं तळमळून सांगत होते. आमच्या लक्षात राहिलं ते एकच, की त्या देशात बायकासुद्धा चांगल्या वीतभर चिरुटी ओढतात. घरी येऊन आजीला सांगितलं. ती मशेरी लावत होती. तोंडातलं बोट न काढता म्हणाली, ‘मगे? बायलमाणसांका काय तोंड नसता?’

तो शब्द मूळचा तमिळ, सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेलं. चिरूट दोन्ही तोंडांनी उघडी असते, सिगारचं एक तोंड बंद, ते कापावं लागतं. भाच्याने त्यासाठी छोटी कात्री दिली होती. ती बायको कोळंबी सोलताना वापरते. मी आडकित्ता घेतो. आजीचाच आहे.

सिगार ठेवायची कशी, यावर जगात फार लिहिलं गेलंय. त्यांची सगळी काळजी ती सुकू नये म्हणून. हवेत साठ-सत्तर टक्के ओल हवी म्हणे, त्यासाठी लाकडाच्या खास पेट्या आणि पाण्याचे स्पंज. या लोकांनी एक आषाढ आचऱ्याला काढावा. इथे मीठ पाझरतं, पुस्तकं फुगतात, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव येते. पहिल्या पावसाळ्यात माझ्या बारा सिगारांवर पांढरी बुरशी चढली. दुसऱ्या वर्षी बारीक टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली. तंबाखूचा भुंगा. इतक्या जहरी पानावर गुजराण करणारा तो कीटक मला काही दिवस आदरणीय वाटत होता. सिगार फ्रीजरमध्ये ठेवल्या की तो मरतो. पण आमच्या फ्रीजरमध्ये सुरमई राहते आणि तिच्या शेजारी कोणाला ठेवायचं, हे मी ठरवत नाही. शेवटी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. तिथे कोरडं असतं. तिथेच गोलम्याचा, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीचा, डबाही असतो, अगदी तसलाच.

पुढचं सांगत नाही. बायकोचं म्हणणं तेवढं नोंदवतो: ‘सिगारेक गोलम्याचो वास लागलो, की गोलम्याक सिगारेचो, ता आधी सांगा.’

दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की पडवीत सिगार एका अंगाने जळत जाते, दुसरं अंग तसंच. सारखी फिरवावी लागते. शेजारचे तात्या एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यापासून माझी सिगार संपेपर्यंत समोर बसून राहतात. स्वतः ओढत नाहीत, वेळ लावतात. ‘ह्यां संपासर माझी गाडी कुडाळाक जावन परत येतली.’ त्यात खोटं काही नाही. पाच इंच लांब, जाड सिगार तासभर चालते, आणि तासभर नुसतं बसणं मला जमत नाही. म्हणून अर्धी झाली की विझवतो आणि उरलेली दुसऱ्या दिवशी पेटवतो. जाणकारांच्या दृष्टीने हे पाप आहे. विझलेली सिगार परत पेटवली की कडवट लागते, हेही खरं. लागू दे.

आजो विडी कधीच एका बैठकीत संपवत नसे. अर्धी ओढायची, पडवीच्या चिऱ्यावर टेकून विझवायची, उरलेली कानावर. त्या चिऱ्यावर तुरीएवढ्या काळ्या ठिपक्यांचं एक रानच आहे, त्याच्या उजव्या हाताशी. भावाने घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याने तिथेही दोन हात मारले. दोन पावसाळ्यांत ठिपके वर आले.

आजोच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, तेव्हा मी सातवीत होतो. आधी त्याने लवंग धरली, मग कोणी सांगितलं म्हणून तूप. मग परळला नेलं. दोन महिन्यांनी आणला तेव्हा उजवीकडचा जबडा आत गेला होता आणि तो पेज चमच्याने, मान कलती करून घ्यायचा. गोष्टी सांगणं बंद. विड्या मात्र वळायचा. कुंभ्याची पानं ओल्या फडक्यात ठेवलेली, मांडीवर कात्री. पान कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं, दोरा आवळायचा. बोटं तशीच झरझर. वळलेली विडी कानावर ठेवायची आणि रस्त्याकडे बघत बसायचं. पेटवायचा नाही. तिन्हीसांजेला तात्यांचे वडील यायचे, त्यांना ती काढून द्यायचा. ते बापडे त्याच्यासमोर ओढत नसत, खिशात घालून न्यायचे. शिमग्यापर्यंत हे चाललं.

आत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. मी भाच्याला लिहिलं, ‘बेताच्या आण,’ आणि ते पाठवायच्या आधीच फोन खिशात टाकला. उठलो. न्हाणीघरात गेलो, दार लावलं, आरशासमोर उभं राहून बॅटरी पेटवली. गाल बोटाने ओढून आत बघितलं, आधी उजवा, मग डावा.

हे मात्र मी रोज करतो.