लास्ट वर्किंग डे

३१ मार्च २०२३, शुक्रवार. आदल्या दिवशी रामनवमी झालेली, बऱ्याच जणांनी शुक्रवारही जोडून टाकलेला, त्यामुळे हिंजवडीचा रस्ता चक्क मोकळा. वाकडच्या पुलापासून फेज थ्री पंचवीस मिनिटांत. एरवी तेवढा वेळ माझा भूमकर चौकातच जातो.

मी एका मोठ्या आयटी कंपनीत एचआरला आहे. मोठी म्हणजे किती, तर आमच्या एका इमारतीत माझ्या गावाच्या दुप्पट माणसं बसतात. माझ्याकडे सोडून जाणाऱ्यांचा विभाग. आई अजून विचारते, "म्हणजे तू माणसं काढतेस?" काढत नाही गं, निघालेल्यांना दारापर्यंत सोडते.

आर्थिक वर्षाचा शेवट, त्यामुळे त्या दिवशी यादीत अकरा जण होते. प्रत्येकाचा वीस मिनिटांचा एक्झिट इंटरव्ह्यू. फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात नऊ पर्याय, आणि जवळजवळ सगळे एकच निवडतात: 'बेटर अपॉर्च्युनिटी'. रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असतं, पुढची कंपनी बॅकग्राउंड चेक करणार असते, कशाला कोण खरं लिहील? मी फॉर्म सबमिट करते आणि लॅपटॉपचं झाकण मिटते. मग माणसं बोलायला लागतात.

त्या दिवशीची पहिली मुलगी लातूरची, नोकरीला अकरा महिने झालेली. तीन महिने जावाचं ट्रेनिंग दिलं आणि मग सात महिने बेंचवर बसवलं, म्हणजे पगार चालू पण प्रोजेक्ट नाही. फ्रेशरचा पगार साडेतीन लाखांच्या आसपास. हा आकडा आमच्या क्षेत्रात दहा वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही; तेवढ्या काळात वाकडमधल्या वन बीएचकेचं भाडं कुठल्या कुठे गेलं. मला वाटलं पगारावर बोलेल. म्हणाली, "मॅडम, सात महिन्यांत मला इथे कुणी रागावलंसुद्धा नाही." एवढंच, आणि आयडी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावरचा फोटो जॉइनिंगच्या दिवशीचा होता, गजरा घातलेला.

तिच्यानंतर एक ताई, एकोणीस वर्षं काढलेल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हिशोब समोर बसून हवा होता. पंधरा भागिले सव्वीस, गुणिले बेसिक, गुणिले वर्षं. साठ हजारांच्या बेसिकवर साडेसहा लाखांच्या वर गेले. आकडा दोनदा बघून म्हणाल्या, "लहान कंपनीत असते तर यासाठी मालकाच्या दारात बसावं लागलं असतं." मग स्वतःच हसल्या. "पण बाळंतपणाची रजा मात्र मला दोन्ही वेळा बाराच आठवडे. सव्वीसचा कायदा २०१७ ला आला, मी तोवर उरकून बसले होते."

लोकांना मोठ्या कंपनीतलं काय आवडतं ते मला पाठ आहे. पगार ठरल्या तारखेला पडतो. बँक होमलोनला आढेवेढे घेत नाही. लग्नाच्या बायोडेटावर कंपनीचं नाव लिहिलं की मुलीकडचे पुढची ओळ वाचत नाहीत. आणि मेडिक्लेम, आई-वडिलांसकट. तरण्याताठ्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, पस्तिशीनंतर वाटायला लागतं. बाहेर मधुमेही वडिलांची पॉलिसी काढायला जा, जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबायला सांगतात. आमच्या ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं चालतं.

आवडत नाही त्याची यादी लांब आहे. बेल कर्व्ह, कारण टीममधले पाचही जण चांगले असले तरी कुणाला तरी खाली ढकलावंच लागतं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. साधा माऊस हवा तर तिकीट काढा, तीन अप्रूव्हल घ्या, तोवर माणूस स्वतःच्या पैशाने आणतो.

दुपारी तीनला जो आला त्याला इथे दादा म्हणते. कराडकडचा, अडतीस वर्षांचा, चौदा वर्षं कंपनीत. चाळीस टक्के वाढ घेऊन एका स्टार्टअपमध्ये चाललेला, सोमवारी ३ तारखेला जॉइनिंग. झाकण मिटल्यावर त्याने मॅनेजरवर सलग पंधरा मिनिटं तोंडसुख घेतलं. रात्री साडेअकराचे कॉल, दोन वर्षं दाबलेलं प्रमोशन आणि रेटिंग सांगताना "माझ्या हातात काही नाही" हे वाक्य. मी मान हलवत होते. हे वाक्य मीही दिवसातून चारदा बोलते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भावाचा होता. वडिलांना सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून पुण्यात आणलं होतं, हे त्याला माहीत होतं. ॲसिडिटी असेल असं समजून तो क्लिअरन्स उरकायला ऑफिसला आला होता. अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले. बायपास, सोमवारी किंवा मंगळवारी. अंदाज साडेतीन लाख. इन्शुरन्स डेस्कवरचा माणूस कार्ड बघून विचारत होता, हे उद्यापासून चालणार का?

दादाने फोन ठेवला. "मॅडम, आज रात्री बारापर्यंत चालतं ना ते?"

"तुमच्या नव्या कंपनीत?"

"फक्त मी, बायको आणि मुलं. आई-वडील नाहीत. मी विचारलंच नव्हतं." थोडं थांबून म्हणाला, "चाळीस टक्के ऐकल्यावर कोण विचारतंय."

आमची पॉलिसी १ एप्रिलला नवी होते. विमा कंपनीला नावांची यादी त्या संध्याकाळी पाचला जायची होती आणि तीत दादा नव्हता, कारण सिस्टिमच्या लेखी तो संध्याकाळी सहाला संपत होता. वाचवायचा एकच मार्ग, तारीख पुढे ढकलणं. पोर्टलवरचं ते बटण शेवटच्या आठवड्यात करडं पडतं, दाबलं जात नाही. हेल्पडेस्कने उत्तर दिलं, दोन ते तीन कामाचे दिवस.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पोर्टलच्या बाहेरून, मेलवर अप्रूव्हल मिळालं तर यादीत नाव हाताने घालता येतं, हे मला ठाऊक होतं. अप्रूव्हल मॅनेजरचं लागतं. मी दादाकडे पाहिलं, त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मेट्रोच्या खांबांवर तेव्हा काम चालू होतं, तिकडे.

मी फोन लावला. पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. चार वाक्यांत सांगितलं. साहेब म्हणाले, "क्लायंटला लावायचं बिलिंग आजपासून बंद आहे त्याचं. बेंचवर दाखवावा लागेल, माझा आकडा बिघडेल." मग नुसतंच टिकटिक, टिकटिक. "वडील आहेत का? बरं. महिनाभर वाढव. मेल टाकतो." चार बावीसला मेल आला, दोन शब्दांचा, दोन्हींचं स्पेलिंग चुकलेलं. मी तो पुढे पाठवला, विम्याचं काम बघणाऱ्या मुलीला फोन केला, ती घरी निघाली होती, लिफ्टमधून परत वळली. चार एकावन्नला यादीत ओळ वाढली: कर्मचारी, पत्नी, दोन मुलं, आई, वडील.

दादाने आभार वगैरे मानले नाहीत. मॅनेजरबद्दल पुन्हा काही बोललाही नाही. "हेडसेट मिळत नाहीये म्हणून ॲसेटवाले एनओसी अडवून बसले होते," म्हणाला. "२०१६ साली दिलेला. आता घाई नाही म्हणा."

तो नव्या कंपनीला फोन करत खाली गेला आणि दहा मिनिटांत गेटवरून मला फोन आला. सहा वाजून गेले होते. मेल, यादी, अप्रूव्हल सगळं झालं होतं, पण कार्ड बंद करणाऱ्या सिस्टिमला त्यातलं कुणी काही कळवलं नव्हतं. कार्ड लावलं की टर्नस्टाइलवर लाल दिवा. कंपनीत राहिला म्हणून कंपनीतून बाहेर पडता येत नव्हतं. गार्डकाकांनी बाजूचं छोटं दार उघडून त्याला सोडला.

मंगळवारी ऑपरेशन झालं, कॅशलेस मंजूर झालं. बुधवारी तो एका पत्रावर सही-शिक्का घ्यायला आला. कार्ड अजून बंदच होतं. माझं तिकीट 'इन प्रोग्रेस'. मी खाली घ्यायला गेले तेव्हा गार्डकाका रजिस्टर पुढे सरकवत होते. दोघांची दहा वर्षांची ओळख, चहा एका टपरीवरचा. "साहेब, व्हिजिटर म्हणूनच घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

दादाने नाव लिहिलं. वेळ लिहिली. भेटायचं कोणाला, तिथे माझं नाव. 'कुठून आलात' या रकान्याशी पेन अडखळलं. मग त्याने आमच्याच कंपनीचं नाव लिहिलं. काकांनी वाचलं, काही बोलले नाहीत, स्टिकर छापून त्याच्या शर्टावर चिकटवला.

२८ एप्रिलला तो गेला. हेडसेटचे पैसे फायनल सेटलमेंटमधून कापले.